ईडनच्या नावाचा मलिदा

माणसं पाच आणि नारळ सात, यावरून सोफी सकाळपासून आईला चिडवत होती. मिल्काबाई मात्र चिडायला तयार नव्हत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने रविवारी सहालाच उठून पोहे निवडावेत, वेलची कुटावी, पाच फळं पुसून ताटात रचावीत, मनासारखी बसली नाहीत म्हणून उतरवून पुन्हा रचावीत, तर त्यामागे तसंच कारण असणार. कारण होतं. शेरॉन घरी येणार होती, नऊ वर्षांनी.

नऊ वर्षांत धाकट्या लेकीचं तोंडच पाहिलं नव्हतं असं नाही. मिल्काबाईंचे यजमान एफ्राईम गेले तेव्हा ती दफनभूमीच्या फाटकातून आत आली होती, लांब करड्या स्कर्टमध्ये, आजूबाजूला ती ज्या पंथाच्या शेतावर राहायला गेली होती तिथल्या दोन बायका. बापाला माती दिली आणि इंग्लंडातल्या स्लाऊच्या या घरी चहालाही न थांबता निघून गेली. तेव्हापासून वर्षाकाठी तीन पत्रं. पाकिटाच्या मागे पोस्टातल्या पेटीचा नंबर, बस. ‘लेक या बेटावर कुठे राहते ते रॉयल मेलला ठाऊक, मला नाही,’ असं मिल्काबाई भेटेल त्याला सांगायच्या आणि हसायच्या. घरी आल्यावर हसत नसत.

या वेळच्या पत्रात मात्र मराठीत दोन ओळी होत्या. ‘आई, ईडनच्या नावाने मलिदा करायचाय, तुझ्या हातचा. रविवारी आम्ही दोघी येतो, संध्याकाळी परत.’

मिल्काबाईंनी पत्र छातीशी धरलं. शेरॉनची ईडन वेळेच्या दोन महिने आधी जन्मली होती, हातात मावेल एवढीशी. काचेच्या पेटीत नळ्या लावून ठेवलेल्या त्या जिवापुढे मिल्काबाई एलियाहू हनाबीला, त्या प्रेषिताला, नवस बोलल्या होत्या, ‘ही जगू दे, मी मलिदा करीन.’ पोर जगली. मग आज करू, उद्या करू म्हणता म्हणता तिचा बाप, ऍरन, मोटरवेवरच्या अपघातात गेला, आणि पाठोपाठ शेरॉन तिला घेऊन त्या शेतावर गेली. नवस राहूनच गेला. तर आता लेकीला तो आठवला, असं मिल्काबाईंनी ठरवून टाकलं. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांच्या घरी मलिद्याला, प्रार्थनेच्या त्या गोड पोह्यांच्या ताटाला, कारणं पन्नास: नवस, आजारपणातून उठणं, नवं घर, सुंता, लग्न. पन्नासांतलं आपल्याला हवं ते एक त्यांनी उचललं आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवली.

साडेअकराला मुलगा अव्हिएल दोघींना स्टेशनवरून घेऊन आला. तो मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, आणि गेली काही वर्षं शब्बाथ पाळून शनिवारी गाडीही चालवत नसे. शेरॉन दारात थांबली, चौकटीवरच्या मझुझावर, पवित्र वचनाच्या त्या डबीवर, तिने बोटं टेकवली आणि ओठांना लावली. ते पाहून मिल्काबाईंचा धीर सुटला. त्यांनी लेकीला मिठी मारली आणि ती किती वाळली आहे ते हातांनीच कळलं.

“धाकटे दोघे कुठेत?” सोफीने विचारलं.

“त्यांना आणायची परवानगी नव्हती,” शेरॉन म्हणाली, जणू हवामानाबद्दल सांगावं तशी.

सोफीने अव्हिएलकडे पाहिलं. सोफी इथल्याच एका शाळेत कामाला होती आणि मुलांच्या सुरक्षिततेचं काम तिच्याकडे होतं. मूल उशिरा का आलं, डबा का नाही, दंडावर वळ कसला, हे पाहण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिची नजर आता घरीही तशीच फिरायची.

ईडन सरळ स्वयंपाकघरात आली. उंच झाली होती, दोन घट्ट वेण्या, मनगटापर्यंत बाह्या. तिने स्टुलावर ठेवलेली विळी पाहिली आणि हसली.

“आजी, नारळ मी खवते. आई शिकवलीय मला.”

“तिकडे विळी आहे?”

“नाही. चमच्याने शिकवलीय. विळीची गोष्ट सांगितली फक्त.”

मिल्काबाईंनी तिला पुढे बसवून विळी कशी धरायची ते दाखवलं. पोरीचं मराठी ऐकून त्यांना नवल वाटत होतं. सोफीच्या इथे वाढलेल्या मुलांना धड ‘पाणी दे’ म्हणता येत नसे, आणि ही तिकडे गोठ्याजवळ राहून घडाघडा बोलत होती.

“मराठी कोणाशी बोलतेस गं तिकडे?”

“आईशी. आम्ही दोघीच. म्हणजे मग कोणाला कळत नाही.”

“काय कळत नाही?”

ईडनने खांदे उडवले. “काहीच. कोंबडीबद्दल वगैरे.” थोडा वेळ नुसता खोबऱ्याचा आवाज. मग तिने मान खाली ठेवूनच विचारलं, “आजी, तुझा पांढरा साडी आहे ना अजून? आई म्हणाली तू देशील.”

“पांढरी साडी? माझ्या लग्नातली?”

“हां, ती. शनिवारसाठी. माझं प्रॉमिस आहे. प्रार्थनेच्या तंबूमध्ये, सगळ्यांसमोर. मग मी कॅलेबच्या घरी राहणार.”

मिल्काबाईंच्या हातातली खोबऱ्याची वाटी तशीच राहिली. “कॅलेब कोण?”

“रूथचा नवरा,” ईडन म्हणाली, आणि लगेच घाईने, “रूथ नाइस आहे. ती मला ब्रेड शिकवते. तिला बेबी होत नाही ना, म्हणून.”

“किती वर्षांचा आहे तो?”

“थर्टी वन. तोपण नाइस आहे. जास्त बोलत नाही.”

“आणि तू?”

“पंधरा. ऑगस्टमध्ये सोळा.” तिने नारळ फिरवला. “आजी, हे पुरे का? तू खूप नारळ आणलेत.”

सात नारळ मिल्काबाईंनी हौसेने आणले होते, आणि त्यांचं खोबरं आता कशासाठी पडत होतं ते त्यांना कळलं. “पुरे,” त्या म्हणाल्या. “तू पोहे भिजव. जास्त पाणी नको घालूस.” आणि हात पुसत बाहेर आल्या.

बाहेरच्या खोलीत अव्हिएल ताटाखाली पांढरं कापड अंथरत होता. मिल्काबाई खुर्चीत बसल्या आणि लेकीकडे पाहून एवढंच म्हणाल्या, “शेरॉन, हा मलिदा कशाचा आहे?”

शेरॉनला कळलं. तिने डोळे चुकवले नाहीत. “मी सांगणारच होते, आई. मलिदा झाल्यावर.”

“झाल्यावर काय सांगायचं असतं? बारशाचं जेवण जेवल्यावर मूल कोणाचं ते सांगायचं का?”

“काय झालं?” सोफीने विचारलं. मिल्काबाईंनी स्वयंपाकघरात ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. सोफी ऐकता ऐकता उभी राहिली.

“शेरॉन, ती पंधरा वर्षांची आहे. इथे अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे. रजिस्टर केलं नाही, नुसतं देवासमोर केलं, तरी. तंबूत केलं तरी. आणि गुन्हा तिचा नाही, लावणाऱ्याचा. म्हणजे तुझा.”

“तुझं पोस्टर वाचलंय मी, ताई. लायब्ररीत लावलं होतं.”

“मग?”

“मग काय? तुमच्या कायद्याला मी दिसतच नाही. माझा नवरा अमोस, त्याच्या घरात आम्ही तिघी बायका आहोत. कायद्याने एक त्याची बायको, आणि आम्ही दोघी कोण? लॉजर, भाडेकरू. ज्याला आम्ही दिसत नाही त्याने आमच्या पोरींना का बघावं?” ती आईकडे वळली. “आई, तुझ्या बाबांना दोन बायका होत्या. पनवेलला सगळं गाव यायचं तुमच्याकडे, कोणी पोलिस बोलावले नाहीत. तूच सांगायचीस ना, थोरलीने धाकटीपेक्षा जास्त लाड केले?”

“केले,” मिल्काबाई म्हणाल्या. खोटं कसं बोलणार? धाकटी त्यांची जन्मदाती होती, पण वेणी घालणारी, तापात उशाशी बसणारी, शाळेसाठी बाबांशी भांडणारी थोरलीच.

“आपला मूळपुरुष याकोब, त्याला चार होत्या,” शेरॉन म्हणाली. “त्याचं नाव घेऊनच आपण प्रार्थना करतो ना? मग आम्ही तसं जगलो की लगेच वेडे?”

“वेडे कोणी म्हटलं नाही,” अव्हिएल म्हणाला. त्याने कापडाची सुरकुती सारखी केली. तो बोलायच्या आधी नेहमी काहीतरी सारखं करायचा. “ताई, मला हे लग्न अजिबात पसंत नाही. पण कौन्सिलच्या बालसुरक्षा विभागाला फोन करायच्या आधी जरा थांब. मागच्या वेळी काय झालं ते आपण पाहिलंय. चार वर्षांपूर्वी कोणीतरी तक्रार केली, मुलं उपाशी आहेत म्हणून. पहाटे दोन व्हॅन आल्या, नऊ मुलं उचलली. तीन आठवड्यांनी ‘काही आढळलं नाही’ म्हणून परत दिली. त्याने काय साधलं? तोवर मुलं गावच्या शाळेत तरी जात होती. शेतावरच्यांनी त्यांची शाळा बंद केली, शेत विकलं आणि कुठे गेले ते कोणालाच माहीत नाही. आणि एकदा कौन्सिलला सवय लागली ना, की आज त्यांच्या तंबूत, उद्या आपल्या सिनेगॉगमध्ये. मुलांची सुंता करतो म्हणून आपल्याकडे कसे बघतात, मला ऑफिसमध्ये रोज कळतं.”

“पंधरा वर्षांची मुलगी आणि सुंता एकच का रे?”

“एकच नाही. पण फॉर्म भरणाऱ्याला फरक कळेल का, एवढंच विचारतोय.”

सोफी खिडकीशी गेली. घरावरून विमान गेलं, आणि या घरात सगळे थांबतात तसे सगळे ते जाईपर्यंत थांबले.

“तक्रार मी केली होती,” सोफी म्हणाली. “नाव न सांगता. मुलं उपाशी आहेत असं मी म्हटलं नव्हतं, सतत गैरहजर आहेत, एवढंच. पुढे कोणी काय लिहिलं मला माहीत नाही.”

मिल्काबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी शेरॉनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“मला तेव्हाच कळलं होतं,” शेरॉन शांतपणे म्हणाली. “ईडनला कुठल्या बाईच्या घरी ठेवलं होतं, आठवतंय? चांगली बाई होती. कुत्रा होता, स्वतंत्र खोली होती. परत आली तेव्हा ही म्हणाली, ‘आई, तीन आठवडे मला कोणीच जेवलीस का विचारलं नाही.’ विचारलं असेल गं त्या बाईने. पण आपल्या भाषेत नाही. ताई, तू समोर येऊन दार ठोठावलं असतंस, तर मी उघडलं असतं.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ, मिल्काबाईंच्या मनात आलं. कोणाला दोष द्यायचा? ऍरन गेल्यावर शेरॉन पाच महिने उठली नव्हती. तेव्हा या घरातल्या प्रत्येकाने तिला कुठल्या ना कुठल्या डॉक्टरचा नंबर दिला होता. शेतावरच्या तीन बायकांनी नंबर दिला नाही, येऊन तिच्यापाशी बसल्या. ती त्यांच्यामागे गेली यात नवल नव्हतं.

“शेरॉन,” त्या म्हणाल्या, “तू गेलीस तेव्हा तेहतीस वर्षांची होतीस. मी रडले, पण तुला अडवलं नाही. अडवलं का?”

“नाही.”

“तू कोणाची कितवी बायको व्हायचं, कुठल्या देवाला कशी हाक मारायची, ते तुझं. आजही मी त्यात पडणार नाही. हिचं वेगळं आहे.”

“हिला तिथेच सगळं मिळालंय. ही तिथलीच आहे. आई, तुम्ही फोन केलात तर मी आत्ता उठते आणि मग आम्ही तुम्हाला कधीच दिसणार नाही. आणि नाही उठले, तर धाकटे दोघे तिथे आहेत. मला त्यांना भेटू देणार नाहीत.”

शेरॉनलाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण तिने स्कर्टची किनार मुठीत धरली.

“भेटू देणार नाहीत म्हणजे?” मिल्काबाईंनी अगदी हळू विचारलं. “मुलं तुझी ना?”

स्वयंपाकघराच्या दारात ईडन उभी होती, दोन्ही हातांत मलिद्याचं ताट, पोह्यांवर खोबरं, वर खजूर, सफरचंद, केळं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“आजी, झालं,” ती म्हणाली. “गोड बघून घे.”

मिल्काबाई उठल्या. ‘मलिदा आज नको’ म्हणता आलं असतं. सोफीचा तोच आग्रह दिसत होता, तिचा हात केव्हाचा फोनवर होता. पण मिल्काबाईंनी ताट घेऊन पांढऱ्या कापडावर ठेवलं, दिवा लावला आणि अव्हिएलला टोपी घाल म्हणाल्या. मग ताटासमोर पाट मांडला.

“ईडन, इथे बस. शेरॉन, तू माझ्या शेजारी. आपल्या घरची रीत तुला आठवते?”

शेरॉनचा चेहरा उतरला. “आई, ते विचारणं राहू दे. जुनी रीत आहे, दुसऱ्या कोणाकडे कोणी करत नाही.”

“नसतीलच करत. ती सगळ्यांची नाही, थोरलीची आहे. आणि जुनी म्हणशील तर माझ्याच वयाची.” मिल्काबाई पाटाशेजारी टेकल्या. ही गोष्ट त्यांनी मुलांना कधी पुरी सांगितली नव्हती. लाडांची सांगितली होती, ही नाही. “ईडन, ऐक. माझ्या थोरल्या आईला मूल नव्हतं. म्हणून बाबांनी दुसरी आणायची ठरवली. तेव्हा तसं चालायचं. धाकटी पंधरा वर्षांची होती. थोरलीने स्वतःच्या हाताने तिला साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या. धाकटीला वाटत होतं बहिणीचं लग्न आहे, म्हणून आपल्यालाही नटवताहेत. मलिद्यासमोर बसवलं तेव्हा तिला कळलं की लग्न आपलं आहे.”

“मग?” ईडनने विचारलं.

“मग काय, बसली. उठून कुठे जाणार? वर्षभराने मी झाले. दोघी गोडीगुलाबीने राहिल्या हो, भांडण म्हणून नाही. पण थोरलीला ती साडी नेसवलेली आयुष्यभर टोचली. माझ्या वेळच्या पहिल्याच मलिद्याला तिने बाबांना सांगितलं, या घरात यापुढे ज्याच्या नावाने मलिदा, त्याला तीनदा विचारायचं, कशासाठी बसलास. उत्तर त्यानेच द्यायचं. मधे दुसऱ्या कोणी तोंड उघडलं तर मी ताट उचलीन. बाबा रागावले. तिने ऐकलं नाही.” मिल्काबाईंनी शेरॉनकडे पाहिलं. “थोरली चांगली होती, हे तू म्हणतेस ते खरं. पण आपण चांगल्या आहोत म्हणजे झालं, असं तिने मानलं नाही.”

मग त्यांनी नातीकडे तोंड केलं. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. “ईडन, कशासाठी बसलीस?”

ईडनने आईकडे पाहिलं.

“तिला कसं सांगता येईल...” शेरॉनने सुरुवात केली आणि मिल्काबाईंचा हात ताटाच्या कडेवर गेला. शेरॉन गप्प झाली.

“प्रॉमिससाठी,” ईडन म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी तसं.

“कशासाठी बसलीस?”

“आईला बरं वाटेल म्हणून. आई म्हणते, माझं झालं की ती तिथे पक्की होईल. मग कोणी तिला नवीन म्हणणार नाही.”

शेरॉनने तोंडावर हात ठेवला. अव्हिएल खाली बघत होता.

“कशासाठी बसलीस?” मिल्काबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

ईडन दिव्याकडे बघत होती. “आजी, मी नाही म्हटलं, तर आई माझ्याबरोबर राहील?”

‘राहील’ म्हणावं असं मिल्काबाईंना फार वाटलं. म्हणणं सोपं होतं, आणि ते खरं होतं की नाही ते त्यांना माहीत नव्हतं. मलिद्यासमोर एका पोरीला एकदा फसवून झालं होतं. “मला ठाऊक नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “मी राहीन. एवढं सांगू शकते.”

ईडनने मान हलवली. मग ती पाटावरून उठली. स्कर्ट सारखा केला आणि सोफ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली, पाय पोटाशी घेऊन.

पाट रिकामा राहिला. शेरॉन रडत होती. सोफी हलली, तिला जवळ घ्यावं की नाही हे न कळून तशीच थांबली. मिल्काबाई गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा सरकल्या आणि स्वतःच त्या पाटावर बसल्या.

“अव्हिएल, विचार मला.”

“आई?”

“विचार. देवाचं अन्न आहे, असं टाकून उठायचं नाही.”

अव्हिएलने घसा साफ केला. “आई, कशासाठी बसलीस?”

“ही जगली म्हणून. पंधरा वर्षं नवस राहिलाय.”

“कशासाठी बसलीस?”

“हिने उत्तर दिलं म्हणून.”

“कशासाठी बसलीस?”

“आता मी जो फोन करणार आहे, तो करायला मला बळ मिळावं म्हणून,” मिल्काबाई म्हणाल्या. “सुरू कर.”

अव्हिएलने सुरू केलं. त्याचा आवाज बापाचाच होता, वर जाताना थोडा फाटणारा. एलियाहू हनाबीचं गाणं आलं तेव्हा सोफीने सूर धरला, आणि दोन ओळींनंतर शेरॉनचे ओठही हलू लागले. फळांवर आशीर्वाद म्हणून झाला. मिल्काबाईंनी मलिदा वाढला, पहिली वाटी ईडनला. तिने एक घास खाल्ला, मग भराभर खाऊ लागली. सकाळपासून तिने काही खाल्लं नसावं.

“जेवलीस का गं काही येताना?” मिल्काबाईंनी विचारलं.

“नाही,” ईडन म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचे डोळे भरले.

सोफीने फोन पुढे केला. “आई, नंबर लावते. रविवार आहे, ड्यूटीवरचं माणूस असेल. बोलते मी, हे माझं कामच आहे.”

“नाही. मी बोलते. माझं नाव सांगून. आणि इथेच बसून, हिच्यासमोर. मागच्या खेपेचा फोन पाठीमागून झाला होता.”

शेरॉन उठली. तिने खुंटीवरचा कोट घेतला, दाराशी वाकून एक बूट चढवला. तिला कोणी अडवलं नाही. नऊ वर्षांनी आलेली लेक आपण आपल्या हाताने घालवतो आहोत, हे मिल्काबाईंना स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी फोन कानाला लावला.

बरंच संगीत वाजलं. मग एक तरुण बाई बोलू लागली. मिल्काबाईंनी नाव सांगितलं, वय सांगितलं, मुलीचं नाव सांगितलं. हो, सख्खी आजी. हो, मुलगी आत्ता माझ्याजवळ आहे, खातेय. शनिवारी लग्न लावणार आहेत. नाही, कोणी मारलेलं नाही. नाही, वाईट माणसं आहेत असं माझं म्हणणं नाही. पण ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला नकोय, तिने मला सांगितलं. मागे एकदा व्हॅन घेऊन गेला होतात तुम्ही, तसं करू नका. हो, मुलीची आई इथेच आहे, ती ऐकतेय.

“मुलगी एरवी राहते कुठे?” पलीकडून विचारलं.

मिल्काबाई थांबल्या. “ते मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. इंग्रजीत म्हणतानाही त्यांना लाज वाटली. “माझ्या लेकीच्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही.”

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. सोफीने डोळे मिटून घेतले. शेरॉन दाराशी उभी होती, एका पायात बूट, दुसरा हातात. ती ईडनकडे बघत होती. ईडन वाटीतून मान वर करत नव्हती.

“ओल्ड पंप फार्म,” शेरॉन म्हणाली.

मिल्काबाईंनी वर पाहिलं.

“पाटी नाही फाटकावर. कालव्याच्या कडेने शेवटपर्यंत यायचं.” तिने पोस्टकोड सांगितला, एकेक अक्षर सुटं. “आणि दोन मुलगे आहेत म्हणून सांग, आई. एक सात वर्षांचा, एक चारचा. धाकटा अनोळखी माणसाला घाबरतो. त्यांना म्हणावं, आधी मला घेऊन जा, मग आत जा.”

“जरा थांबा,” मिल्काबाई फोनमध्ये म्हणाल्या. समोर टेबलावर शेरॉनच्या पत्राचं पाकीट पडलेलं होतं. त्यांनी सोफीकडून पेन मागून घेतलं, पाकीट उलटं केलं, आणि पेटीच्या नंबराखाली लेकीचा पत्ता आधी आपल्यासाठी नीट लिहून घेतला. मग तो वाचून दाखवला.